घरातील दुर्गंधीचा शोध

गोमंतकातील अनेक कुटुंबांचे मूळ घर खेड्यात आणि बिऱ्हाड शहरात असते. पणजी, मडगाव, बेळगाव, मुंबई, पुणे अशा ठिकाणी नोकरी-व्यवसायानिमित्त राहणारी ही माणसे चतुर्थीच्या आधी दोन-चार दिवस गावी येतात, घराचे कुलूप काढतात, केरवारे करतात, भिंतींना रंगाचा हात देतात आणि माटोळीच्या सामानाची जुळवाजुळव करू लागतात. मे महिन्यात बंद केलेले घर भाद्रपदात उघडले की ओलसर, कोंदट वास यावयाचाच, हे सर्वांना ठाऊक असते. दारे-खिडक्या उघडून एक दिवस वारा खेळू दिला की तो वास निघून जातो.

कधी कधी मात्र वास जात नाही. अशाच एका घराची कल्पना करावी. घर चिरेबंदी, मंगळुरी कौलांचे. मध्ये राजांगण, लगत माजघर, आणि माजघराच्या पूर्वेकडील कोपऱ्यात जुनी न्हाणी. काही वर्षांपूर्वी मागील बाजूस नवे न्हाणीघर व शौचालय बांधल्यापासून ही जुनी न्हाणी वापरात नाही. तिच्यावर फळ्या टाकून धान्याची एक मोठी पेटी ठेवलेली आहे. घर उघडून दोन दिवस झाले, फिनेलने फरशी पुसून झाली, तरी माजघरात कुजकट वास येतोच आहे. गणपतीची चौकी याच खोलीत मांडावयाची आहे. घरातील वडीलधारे म्हणतात, माळ्यावर उंदीर मेला असणार. थोरल्या सुनेच्या मते भिंतीत ओल मुरली आहे. शहरातून आलेला मुलगा म्हणतो, सेप्टिक टाकी भरली. झाकण काढून आत उतरून पाहिले पाहिजे. हा वाद चालू असताना कोणीतरी धूप पेटवतो, आणि तासाभरापुरता प्रश्न मिटल्यासारखा वाटतो.

या घरातील तिघांचेही तर्क अशक्य कोटीतील नाहीत. तथापि तर्क करणे निराळे आणि शोध करणे निराळे. दुर्गंधीचा शोध ही पद्धतशीरपणे करावयाची गोष्ट असून ती साध्या साधनांनी कोणत्याही कुटुंबास करता येते. त्या पद्धतीचा परिचय करून देणे हा या पाठाचा हेतू होय.

दुर्गंधी आणि रोग

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुर्गंधीयुक्त हवेनेच रोग होतात, अशी जगातील बहुतेक विद्वानांची समजूत होती. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळी ‘दूषित हवा’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आला आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडन शहर थेम्स नदीत साचलेल्या मैल्याच्या घाणीने हैराण झाले, तेव्हा तेथील संसदभवनाच्या पडद्यांवर ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपण्यात आले. त्या पडद्यांनी काही साधले नाही. पुढे जोसेफ बाझल्जेट या अभियंत्याच्या देखरेखीखाली शहराचा मैला दूर वाहून नेणारी गटारे बांधली गेली. तेव्हा दुर्गंधी हटली, आणि पिण्याचे पाणी दूषित होण्याचे थांबल्यामुळे पटकीच्या साथीही हटल्या. हिवतापाचे कोडे १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात रोगाचे जंतू शोधून उलगडले, आणि हवेवरील तो आरोपही मागे पडला.

गोमंतकीय वाचकांस याचे जवळचे उदाहरण म्हणजे जुने गोवे. एके काळी वैभवशाली असलेली ही नगरी वारंवारच्या साथींनी ओस पडत गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीस हलविले आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. चिऱ्याचा दगड व त्याखालची जमीन सच्छिद्र असते. तिच्यातून सांडपाणी झिरपून विहिरीपर्यंत पोहोचू शकते. दोष नाकाला जाणवणाऱ्या हवेत शोधला जात असताना तो न दिसणाऱ्या पाण्यात असू शकतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. दुर्गंधी ही बहुधा स्वतः रोग नसते, परंतु जेथे काही बिघडले आहे त्या जागेचा पत्ता ती सांगत असते. आणि तो पत्ता पुसून टाकला तर बिघाड तसाच राहतो. धूप, उदबत्ती, अत्तरी फवारे यांचा उपयोग संसदेच्या त्या पडद्यांइतकाच होय. कपाटात व मोरीत टाकण्याच्या डांबरगोळ्यांबाबत तर अधिक सावध असावे. त्यांतील नॅप्थलीन तान्ह्या मुलांना, विशेषतः ज्यांच्या रक्तात एका विशिष्ट विकराची जन्मजात उणीव असते अशांना, अपायकारक ठरते.

प्रथम धोक्याचे वास ओळखावे

शोधास आरंभ करण्यापूर्वी येणारा वास तातडीच्या धोक्याचा तर नाही ना, हे ठरवावे. असे वास चार आहेत.

पहिला स्वयंपाकाच्या गॅसचा. या गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. या दक्षतेमागे मोठी किंमत मोजली गेली आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील न्यू लंडन या गावी शाळेच्या इमारतीखाली गंधहीन नैसर्गिक वायू साचला आणि त्याचा स्फोट होऊन सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर अशा वायूत वास मिसळणे कायद्याने सक्तीचे होत गेले. सडक्या कोबीसारखा वा कांद्यासारखा हा वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, काडी ओढू नये आणि सर्वांनी बाहेर पडावे. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरतो, हे लक्षात ठेवावे. दूरध्वनी बाहेर आल्यावरच करावा. गॅसगळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे.

दुसरा तापलेल्या विजेच्या साहित्याचा. सैल झालेल्या जोडणीमुळे बटणे, प्लग, होल्डर तापले की त्यांच्या प्लॅस्टिकमधून मासळीसारखा किंवा लघवीसारखा वास येतो. पुष्कळदा तो मेलेल्या उंदराचा समजला जातो. फळीवरील बटण हातास गरम लागत असेल, त्यावर तपकिरी डाग असेल, तर मुख्य स्विच बंद करून वायरमनला बोलवावे.

तिसरा धान्यात ठेवण्याच्या विषारी गोळ्यांचा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतील ओलाव्याने फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा त्याचा वास असतो. मात्र तो नेहमीच जाणवेल असे नाही. या गोळ्यांचा वापर शासकीय यंत्रणा व अधिकृत कीडनियंत्रकांपुरताच मर्यादित केलेला आहे. राहत्या घरातील धान्यात त्या कधीही ठेवू नयेत. ठेवल्याचे कळल्यास गोळ्यांना हात न लावता घर मोकळे करावे; कोणास मळमळ, चक्कर वा धाप असल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

चौथा सडक्या अंड्यासारखा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. मोरीच्या तोंडाशी येणारा त्याचा अल्पसा वास केवळ त्रासदायक असतो. बंदिस्त टाकीत वा खोल खड्ड्यात मात्र तोच वायू मारक ठरतो. त्याचे प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास येईनासा होतो आणि माणसास धोका टळला असे वाटते.

याच्या जोडीला हेही सांगितले पाहिजे की वास न येणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. बंद खोलीत पेटविलेली कोळशाची शेगडी किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरातील गॅसचा गीझर यांपासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू पूर्णपणे गंधहीन आहे.

शोधाची पद्धत

कल्पिलेल्या घरात वरीलपैकी एकही धोका नाही, असे पाहून झाले. आता शोधास प्रारंभ करावा. त्याचे नियम पाच आहेत.

पहिला नियम नाकाचा. मनुष्याच्या नाकात सुमारे ४०० प्रकारची गंधग्राहके असतात. या विषयावरील मूलभूत संशोधनासाठी रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असे सूक्ष्म इंद्रियही एकच वास सतत घेत राहिले की काही मिनिटांतच त्याची दखल घेईनासे होते. म्हणूनच घरच्या माणसांना न जाणवणारा वास पाहुण्यास उंबऱ्यातच जाणवतो. यास्तव शोध करणाऱ्याने पंधरा मिनिटे अंगणात मोकळ्या हवेत थांबावे, मग आत येऊन पहिल्या चार-पाच श्वासांत काय जाणवते ते सांगावे. शक्यतो हे काम घरातील तरुण माणसाकडे द्यावे. वृद्धांचे घ्राणेंद्रिय मंदावलेले असते, आणि २०२० नंतरच्या कोविडच्या साथीत अनेकांची वास घेण्याची शक्ती गेली, काहींची तर पूर्णपणे परतली नाही. एकाच व्यक्तीला वास येतो आणि इतर कोणालाही येत नाही, असे वारंवार घडत असेल तर घर उकरण्याऐवजी त्या व्यक्तीने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसरा नियम नोंदीचा. एका वहीत वासाची वेळ, जागा, तीव्रता, त्या वेळचे हवामान आणि घरात त्या वेळी चाललेली कामे लिहावी. पाऊस पडत होता काय, पंप चालू होता काय, कोणी नुकतेच न्हाणीघर वापरले होते काय, या गोष्टी स्मरणावर सोडू नयेत.

तिसरा नियम खोल्या वेगळ्या करण्याचा. सर्व खोल्यांची दारे-खिडक्या दोन तास बंद ठेवून मग एकेक दार किंचित उघडून फटीशी वास घ्यावा. सर्व खोल्या उघड्या असताना वारा वास एकीकडून उचलतो आणि दुसरीकडे नेऊन टाकतो.

चौथा नियम उंचीचा. वास माळ्याजवळ अधिक आहे, खिडकीच्या उंचीवर आहे की फरशीलगत आहे, हे वाकून व शिडीवर चढून पाहावे.

पाचवा नियम संयमाचा. एका वेळी एकच बदल करावा. मोरी धुतली, माळा झाडला आणि टोपल्या बाहेर काढल्या, अशी सर्व कामे एकाच दिवशी केली तर वास गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि परत आला तर पुन्हा मुळापासून आरंभ करावा लागतो.

तीन तर्कांची परीक्षा

आता घरातील मतांची एकेक करून परीक्षा करता येते.

मेलेल्या उंदराचा वास पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढत जातो, काही दिवस टिकतो आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. त्याच्याजवळ हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माशा घोंगावू लागतात. माशा जेथे बसतात ती जागा प्रथम पाहावी. पोटमाळा, कपाटामागील पोकळी, शीतकपाटाचा मागील उबदार भाग, लाकडी छताच्या वरची बाजू येथे शोध घ्यावा. विष खाल्लेला उंदीर पाणी पिण्यास बाहेर जातो आणि बाहेरच मरतो, ही समजूत खरी नाही. रक्त गोठू न देणाऱ्या प्रचलित विषांचा परिणाम होण्यास काही दिवस लागतात आणि तोपर्यंत उंदीर आपल्या बिळात परतलेला असतो. म्हणून घरात विषापेक्षा पिंजरा बरा. मेलेला प्राणी उघड्या हाताने उचलू नये. रबरी मोजे वा जाड पिशवी हाती चढवून तो उचलावा, खोल पुरावा आणि जागा जंतुनाशकाने धुवावी. मात्र एकाच सुमारास अनेक उंदीर आपोआप मरून पडू लागले तर तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगने हा धडा दिलेला आहे. उग्र कस्तुरीसारखा वास रात्री भिंतीलगत फिरत असेल तर तो चिचुंद्रीचा समजावा. ती किडे खाणारी असते आणि वाट बंद केली की निघून जाते.

अन्नपदार्थांचा संशय उंदराच्या जोडीनेच घ्यावा. टोपलीच्या तळाशी सडलेला एकच बटाटा सबंध घर घाणीने भरून टाकतो. पावसाळ्यासाठी पुरुमेंत म्हणून भरलेली सुकी मासळी ओलावली की बरणीबाहेर वास सोडते. शीतकपाटाच्या मागे खालच्या बाजूस वितळलेले पाणी साचणारी एक पसरट थाळी असते. ती अनेकांना ठाऊकही नसते. ती काढून धुवावी.

ओलीची परीक्षा सोपी आहे. भिंतीवर हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा आणि एक दिवस ठेवावा. तुकड्याच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरील बाजूस दिसले तर हवाच दमट आहे. पहिल्या स्थितीत फुटलेले कौल, गळका नळ वा भिंतीलगत साचणारे पाणी शोधावे. दुसऱ्या स्थितीत हवा खेळती ठेवावी. बुरशीचा वास मातकट, जुन्या पुस्तकांसारखा असतो. त्यात कुजकटपणा नसतो.

पाण्याचीही परीक्षा करावी. नळाचे पाणी पेल्यात घेऊन पेला अंगणात न्यावा व तेथे वास घ्यावा. अंगणातही सडक्या अंड्याचा वास आला तर दोष पाण्यात आहे. तेथे वास नाही, पण मोरीशी उभे राहिल्यावर येतो, तर दोष मोरीत आहे. फक्त गरम पाण्याला वास येत असेल तर गीझरची टाकी तपासून घ्यावी. विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला आणि जवळ शोषखड्डा असेल, तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये व त्याची तपासणी करून घ्यावी. १९८२ मध्ये भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेली, बाटलीतील पाणी काळे पडते किंवा नाही यावरून दूषितता ओळखण्याची सोपी चाचणी आज खेड्यांतूनही वापरली जाते.

कल्पिलेल्या घराची वही आता उघडावी. तीत असे दिसते: माळ्यावर वास नाही, फरशीलगत आहे. माशा नाहीत. प्लॅस्टिकच्या तुकड्याची आतील बाजू कोरडी आहे. पावसाशी वासाचा संबंध नाही. वास सकाळी सहा ते नऊ या वेळेत सर्वांत उग्र असतो, दुपारी जवळजवळ नाहीसा होतो आणि रात्री निजानीज होण्यापूर्वी पुन्हा येतो. मेलेला उंदीर घड्याळ पाहून वास सोडत नाही. सकाळी आणि रात्री घरात जे घडते आणि दुपारी घडत नाही, ते म्हणजे नव्या शौचालयाचा वापर होय. तिन्ही मतांपैकी मुलाचे मत आता सत्याच्या जवळचे ठरते. परंतु त्याने सुचविलेला उपाय सर्वांत घातक होता.

न्हाणीतील पाण्याचा अडसर

सांडपाण्याची प्रत्येक नळी म्हणजे घर आणि घाण यांमधील वाट होय. पाणी बाहेर जावे पण वायू आत येऊ नये, यासाठी नळीस बाक देऊन त्यात थोडे पाणी कायम अडवून ठेवतात. अशी बाकदार नळी असलेल्या शौचकूपाचा पहिला परवाना लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये मिळविला. जमिनीत बसविण्याच्या अशाच भांड्यास भारतभरचे नळकारागीर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. या नावातील पहिले पद आपल्या ओळखीचे आहे, ते न्हाणीचेच. या भांड्यात साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी अडून राहते. ग्रामीण शौचालयाच्या भांड्यात पाणी कमी लागावे म्हणून ही उंची २० मिलिमीटरच ठेवलेली असते. तेवढे पाणी हाच घराचा पहारेकरी होय.

न्हाणी वापरात नसेल तर हे पाणी काही आठवड्यांत वा महिन्यांत आटते आणि वाट मोकळी होते. कल्पिलेल्या घरात धान्याची पेटी हलवून फळ्या काढल्या तेव्हा हेच दिसले. विजेरीच्या उजेडात भांडे कोरडे ठणठणीत होते. जाळीवर पातळ कागदाची पट्टी धरली आणि आत कोणी शौचालयात पाणी सोडले, तेव्हा ती पट्टी वर फडफडली. ही परीक्षा कागदानेच करावी. मोरीच्या तोंडाशी उदबत्ती वा काडी पेटवून धूर कोठे जातो ते पाहू नये; मैल्याच्या वायूत ज्वलनशील मिथेन असतो.

दोन बादल्या पाणी ओतल्यावर वास थांबला. पाहुणे आले, चतुर्थी पार पडली. परंतु तिसऱ्या दिवशी वास परत आला आणि भांड्यातील पाणी अर्धे उतरलेले आढळले. येथे पुष्कळ जण कंटाळून शोध सोडून देतात. वही मात्र सांगत होती की घरात माणसे वाढली त्या दिवशीच वास परतला.

याचे कारण असे. सेप्टिक टाकीत जितके पाणी जाते तितकाच वायू बाहेर ढकलला जातो. त्या वायूला वर जाण्यासाठी छपरापेक्षा उंच नळी हवी. तिच्या तोंडाशी डास शिरू नयेत म्हणून जाळी हवी. या घरातील नवे शौचालय बांधताना ती नळी बसविलेलीच नव्हती, आणि जुन्या न्हाणीची नळी सोयीसाठी शौचालयाच्या नळीस जोडून दिली होती. शौचालयात एकदम पाणी सोडले की ते वेगाने जाताना न्हाणीच्या भांड्यातील पाणी ओढून नेई, आणि मोकळ्या झालेल्या वाटेने टाकीतील वायू माजघरात येई. पाणी ओतणे हा प्रथमोपचार होता. खरा उपाय दोन कामांचा होता: वायुनळी बसविणे, आणि न्हाणीचे सांडपाणी वेगळ्या नळीने घराबाहेरील गली ट्रॅपमध्ये सोडणे.

काम पूर्ण झाल्यावर जोडण्या घट्ट आहेत की नाहीत हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. बाहेरील चेंबरमध्ये थोडे पिपरमिंटचे तेल व त्यावर बादलीभर गरम पाणी ओतून झाकण लावावे, आणि घरातील दुसऱ्या माणसाने प्रत्येक मोरीशी वास घेत फिरावे. तेल ओतणाऱ्याने आत येऊ नये. त्याच्या कपड्यांचा वास सारी परीक्षा बिघडवतो. ज्या जागी पिपरमिंटचा वास येईल तेथे वाट आहे.

टाकीत कोणी उतरू नये

मुलाने सुचविल्याप्रमाणे टाकीचे झाकण काढून कोणी आत उतरला असता, तर सणाच्या घरात काय घडले असते याची कल्पनाही करवत नाही. टाकीत प्राणवायू अत्यल्प असतो आणि हायड्रोजन सल्फाइड नाकास न कळता माणसास बेशुद्ध करतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढण्यास दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो, अशा घटना देशाच्या अनेक भागांतून वारंवार घडल्या आहेत. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणसास कामास लावणे हा गुन्हा ठरविला आहे. मजुरी देऊन कोणास उतरविणे आणि स्वतःच्या मुलास उतरू देणे, या दोहोंतील धोका सारखाच. टाकी दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या टँकरने उपसून घ्यावी. आत कोणी पडलाच तर त्याच्यामागे उतरू नये. ११२ वा १०१ या क्रमांकावर साहाय्य मागवावे.

पूर्वी शौचकूप परसाच्या टोकाला असे आणि न्हाणीचे पाणी माडांच्या आळ्यात जाई. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेच्या काळात खेड्यांतून मोठ्या संख्येने शौचालये झाली आणि त्यांपैकी अनेक घराला लागूनच आहेत. सोय वाढली तशी नळीविषयीची जबाबदारीही घरात आली. म्हणून बांधकाम चालू असतानाच घरमालकाने गवंड्यास तीन प्रश्न विचारावे: प्रत्येक मोरीस ट्रॅप आहे काय? वायुनळी छपराच्या वर जाते काय? विहीर शोषखड्ड्यापासून पुरेशी दूर आणि चढाच्या बाजूस आहे काय? ग्रामपंचायतीचे कर्मचारी व ग्रामसेवक यांनीही पाहणी करताना हे तीन मुद्दे पाहिले तर पुढील अनेक तक्रारी उद्भवणारच नाहीत.

शाळेसाठी पाठ

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. पारदर्शक लवचीक नळीचा तुकडा इंग्रजी ‘यू’च्या आकारात वाकवून त्यात रंगीत पाणी भरावे; एका टोकाने फुंकर घातली तर पाणी कसे हलते आणि पाणी काढल्यावर फुंकर दुसऱ्या टोकाने कशी थेट बाहेर येते, ते मुलांना दाखवावे. दुसरा प्रयोग नाकाचा: चिरलेला कांदा वर्गात ठेवून मुलांना दर दोन मिनिटांनी वासाची तीव्रता दहापैकी गुणांनी लिहावयास सांगावे, आणि मग बाहेर फिरून आल्यावर पुन्हा लिहावयास सांगावे. आपलेच इंद्रिय आपणास कसे चकविते हे आकड्यांतून कळले की निरीक्षण लिहून ठेवण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. गॅसचा वास आल्यास काय करावे आणि टाकीत का उतरू नये, या दोन गोष्टी मात्र प्रत्येक मुलाकडून पाठ करून घ्याव्या.

चतुर्थीचे दिवस संपले की घर पुन्हा बंद होते. जाण्यापूर्वी टोपल्या रिकाम्या कराव्या, माटोळीची उरलेली फळे वाटून टाकावी, शीतकपाट धुऊन त्याचे दार उघडे ठेवावे, प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी ओतावे. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे ठेवावयाची, त्यांना एवढीच विनंती करावी की पंधरवड्यातून एकदा घर उघडून प्रत्येक न्हाणीत दोन तांबे पाणी टाकावे. दिवा लावण्यास कोणी ना कोणी घरात जातच असते. त्याच वेळी हेही होईल.